वार्षिक साठा-तपासणी

नोव्हेंबरात मेजर लेओन्ते बुझोर येतात राजधानीहून,
काखेत फाइल, बुटांना चिखल.
मी गोदामाचं कुलूप काढते.
देश बदलला त्या वर्षी शपथ बदलली,
टोपीवरचं चिन्ह बदललं.
कुलूप राहिलं. आणि मी.

वहीची पहिली तीस पानं रशियनमध्ये,
पुढची माझ्या आईच्या भाषेत.
एकाच फावड्याला दोन नावं,
म्हणून कधीकधी फावडी दुप्पट भरतात
आणि आम्ही घटकाभर बलाढ्य होतो.

मोजा, मेजर म्हणतात.
प्रोकोप मोजतो. एकोणीस वर्षांचा, अक्रोडाच्या गावचा,
बोटं अजून हिरव्या सालींनी काळी.
हेल्मेटांची उतरंड:
वरचं उचललं की खालची सगळी कुरकुरतात.
गॅस-मास्क, एक नंबर आणि तीन नंबर.
दोन नंबरच्या तोंडाच्या माणसांनी
श्वास रोखून धरावा.
चिलखती गाड्या सात. चालू चार.
पाचवीची बॅटरी कुठे आहे
ते मी आत्ता सांगणार नाही,
पण तालुक्याची ॲम्ब्युलन्स हल्ली एका झटक्यात सुरू होते.

आणि विमानं? प्रोकोप विचारतो. नवा आहे.
होती. माझ्या तरुणपणी होती.
विकली. पंख सुटे करून
परक्या मोठ्या विमानाच्या पोटात घालून नेली.
म्हणजे गेली तीही उडतच,
फक्त स्वतःच्या पंखांनी नाही.

नदीपल्याड
लाकडी पेट्यांचे डोंगर आहेत, तोफगोळ्यांचे.
जमीन आमची, पेट्या त्यांच्या,
पहारा त्यांचा,
उडालेली झोप आमची.
ते या वहीत नाही.
पण या वहीतली ओळ न् ओळ
तिकडे कान लावून बसलेली असते.

शेवटी ब्लँकेटं.
नोंदीप्रमाणे नऊशे चाळीस.
प्रोकोप दोनदा मोजतो. सातशे अठ्ठावीस.
मेजर चष्मा काढतात.
दोनशे बारा, अग्रिपीनाबाई. दोनशे बारा!

मी गप्प.
फेब्रुवारीतली ती रात्र, सीमेवरचा नाका,
बायका पायी, मुलं सुटकेसवर बसलेली,
एकीच्या कोटाच्या आत मांजर,
एक म्हातारा
घराची किल्ली खिशात पुन्हा पुन्हा चाचपणारा.
आदेश नव्हता.
ट्रक होता. गोदामाची किल्ली माझ्या कमरेला होती.
राखाडी ब्लँकेटं, कोपऱ्यात शिक्का १९८३,
ज्या सैन्यासाठी विणली
त्याच्याच वारसांपासून पळणाऱ्यांच्या खांद्यांवर.
पोचपावती एकही घेतली नाही.
वहीच नेली नव्हती मी,
जन्मात पहिल्यांदा.

मेजरांची सासुरवाडी त्या नाक्यापलीकडची.
हे मला माहीत आहे.
मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे.
‘कारण’ या रकान्यावर ते पेन टेकवतात,
शाईचा ठिपका मोठा होत जातो,
पत्र्यावर कबुतरं चालतात,
मग लिहितात:
कसर.

कसर लागली. नग दोनशे बारा.
सही. तारीख.
“डांबरगोळ्या मागवा या वर्षी,” ते जीपमध्ये बसताना म्हणतात,
“नाहीतर पुन्हा लागेल.”
“लागेल,” मी म्हणते.

जीप वळते. धूर बराच वेळ रेंगाळतो,
डिझेल जुनं आहे, त्याचीही नोंद आहे.
मी कुलूप हातात घेऊन उभी.
आत प्रोकोप अजून मोजतोय.
बाई, फावडी दुप्पट भरताहेत, तो ओरडतो.
भरू देत.