टोपी

"काख मिटलेली ठेव," एफी म्हणते,
आणि नवऱ्याची लोकरी टोपी
टॉर्किलच्या डाव्या काखेत खुपसते.
"ही पडली, की हात धडापासून सुटला समज."

बारा वर्षं फेरीबोटीवर काढलेला गडी.
जमीन हलत नाही यावर
त्याच्या पायांचा अजून विश्वास नाही.
क्लब वर जातो, आणि तो
न आलेल्या लाटेला अंग देतो.

टोपी पडते.
कुंपणाशी चरणारी मेंढी मान वर करते.
टोपी पडते.

"बूट काढ."
गार, खारट गवत. टाचेखाली वाळू.
"हातांनी मारूच नकोस आता. पाठ वळू दे,
हात येतील मागून,
दाव्याच्या वासरासारखे."

कितव्या वेळी कोण जाणे,
काही लागलंच नाही असं वाटतं
आणि चेंडू खाडीवर लहान लहान होत जातो.
टॉर्किल तसाच:
सगळा भार डाव्या पायावर,
उजव्याचा नुसता अंगठा टेकलेला,
वारा असूनही उभा.

पाचच्या बोटीचा भोंगा.
तो धावत सुटतो, बूट हातात,
डावी काख
अजून घट्ट मिटलेली.

एफी हाक मारायला तोंड उघडते,
मग क्लब पुसत बसते.