दार

ऑक्टोबर सरत आलेला. पोप्रादहून पहिली गाडी,
मग चार तासांचा चढ.
झ्देन्का पुढे, मी मागे.
लार्च पिवळेधमक, ब्लूबेरीची झुडपं
कुणी रागावून लाल केल्यासारखी.

खुजे पाइन संपतात त्या वळणावर
आम्हाला एक दार दिसलं.
चढत होतं.
खाली दोन पोटऱ्या, गाठी आलेल्या,
वर फळ्या, बिजागऱ्या, कुलपाचं रिकामं भोक.

"वरच्या विश्रामघराचं," वेंडेलिन म्हणाला
खांद्यावरचे पट्टे न सोडता.
"जुनं अस्वलानं काढलं."
वजन किती?
"वारा नसला, तर बेचाळीस किलो."

दुपारभर आम्ही त्याच्या मागे,
कुणाकडे पाहुणे म्हणून निघावं
आणि घरानंच पुढे पुढे सरकावं तसं.
खिंडीत वाऱ्यानं त्याचं शीड केलं.
वेंडेलिन गुडघ्यावर आला.
आम्ही धावलो, दोन कडा धरल्या,
आणि आईला पुरल्यापासून पहिल्यांदा
झ्देन्का माझ्याशी बोलली:
"डावीकडून धर. डावीकडून, म्हटलं ना!"

वर चौकटीत घोंगडी फडफडत होती.
कोबीच्या सूपमध्ये चुलीची राख.
रात्री बॅटरी मी धरली, स्क्रू त्यानं पिळले,
एक उरलाच, तो खिशात टाकला.
मग दार लागलं.

एवढं शांत झालं
की कळलं, दिवसभर आम्ही नुसतं ओरडत होतो.
झ्देन्का हळू आवाजात काही म्हणाली.
ते इथे लिहीत नाही.

सकाळी ढकललं, तर बाहेर बर्फ.
कडी नवीकोरी,
बोटांना चिकटत होती.