बाटलीवर नाव घाल

थांब जरा, केझाया.
बॅग दारातच राहू दे, ती कुठे पळत नाही.
तुझे अकरा फ्लास्क माझ्या सिंकमध्ये आलेत
कुठल्याशा परक्या बुरशीने माखलेले,
आणि तू म्हणतेस, झालं, संपलं,
उद्याच्या बसने घरी,
औषधांच्या दुकानात काउंटरवर जागा आहे.

जागा वाईट नाही. मी कोण नावं ठेवणार?
सव्वीस वर्षं या तळघरात काच धुतेय.

म्हणूनच ऐक.
जमलेले प्रयोग वरच्या मजल्यावर
चौकटीत घालून भिंतीला लावतात.
न जमलेले सगळे माझ्याकडे येतात,
करपलेले, नासलेले,
रात्री दोनला कुणीतरी चालू करून विसरलेले.
डॉक्टर व्हिटलॉक, ज्यांच्यासमोर तुझा आवाज घशातच बसतो,
त्यांचा एक अख्खा हिवाळा मी खरवडलाय
तारेच्या घासणीने, व्हिनेगर घालून.
त्यांनी बॅग भरली नाही.
भरावी असं त्यांना कधी कुणी सुचवलंच नव्हतं.
त्यांचे वडील इथेच शिकवायचे.
एवढाच फरक. मला दुसरा दिसला नाही,
आणि मला पुष्कळ दिसतं,
कारण माझ्याकडे कुणी बघत नाही.

जूनमध्ये तू आलीस तेव्हा विचारलं होतं,
काय शोधणार गं?
म्हणालीस, माझ्या आईची जीभ.
मी हसले.
मग तू सांगितलंस:
डेल्टातल्या कॅटफिशच्या कारखान्यात, पहाटे चारला,
पांढरी टोपी घालून ती उभी असते,
एकेका तळ्यातल्या माशाचा तुकडा चाखते
आणि म्हणते, नाही. माती लागते.
तिच्या एका ‘नाही’वर
अख्खा ट्रक मागे फिरतो,
तळ्याचा मालक कितीही लाल होवो.
अकरावीतून शाळा सुटलेली बाई.
तिला जे घासाभरात कळतं
त्याला तुमच्या त्या यंत्राला तीन दिवस लागतात,
वर मधूनच ते बिघडतं.

आणि तुला वाटतं, तू इथे रिकाम्या हातांनी आलीस!
अगं पोरी, उत्तरं सगळ्यांकडे होती.
प्रश्न तू घरून बांधून आणलास.

तो प्रेस्टन जेवताना म्हणाला म्हणे,
तुमच्यासाठी वेगळ्या जागा असतात, बरं असतं.
हो, असायच्याच.
माझ्या लहानपणी आम्हाला वेगळी जागा होती
बसमध्ये, नळावर,
दवाखान्याच्या मागच्या दाराशी.
त्या जागांवरून कुणी आमचा हेवा केला नाही.

खोटं नाही सांगणार.
सहा वर्षं लागतील, कदाचित सात. पैसे बेताचे.
आई फोनवर विचारेल, अजून शाळाच?
चर्चमधल्या बायका म्हणतील,
डॉक्टर होतेयस ना, माझा गुडघा बघ.
तसली नाही, म्हणशील.
मग कसली?
चवीची, म्हणून सांग. हसू देत.

व्हिटलॉकांच्या दारावरचं नाव नीट बघ कधी.
प्लॅस्टिकची पट्टी आहे, खाचेत सरकवलेली.
रंगारी आले की मीच काढते, पुसते, परत लावते.
माझ्या काळात तिथून तीन पट्ट्या गेल्या, ही चौथी.
खाच कुणाचीच नसते.

असो. माझी बस सहाची.
अकरा फ्लास्क धुऊन पालथे घातलेत.
बारावा नाही धुतला.
तो मागच्या कप्प्यात राहिला होता, तू मोजलाच नसशील.
तळाशी जरासं हिरवं आहे.
झाकण काढून वास घेतला मी:
नुकतंच सोललेलं बीट.
मला त्यातलं काय कळतं. तुझ्या आईला कळलं असतं.

त्यावर नाव नाही, तारीख नाही.
नियम असा आहे की बिननावाची बाटली
शुक्रवारी सकाळी मी ओतून द्यायची.
आज गुरुवार.

हा घे मार्कर.
याची शाई जात नाही.
मी घासून बघितलंय.