मानशीचं दार

चोडणच्या खाजणावर तीस वर्षं मी मानस राखली.
भरतीला दार आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं.
लाकूड कुजलं की खारं पाणी शेतात.
एवढंच शास्त्र.

डॉक्टरने पडद्यावर शीर दाखवली,
"शाणूबाब, आतली दारं गळतात."
म्हटलं, हे मला सांगता?

घोट्यावरची जखम सिस्टर क्लोतील्द
प्लॅस्टिकवर पेनाने रेखायची.
आधी बेट, मग पाचाचं नाणं, मग कुळथाचा दाणा.
अकरा महिने फेरीने रायबंदर,
चार पदरी पट्टी, तिच्यातून पाझरणारा वास.
फेरीतली माणसं वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरकायची.
मग लेझर. मग एका गुरुवारी
तिने पेन खिशातच ठेवलं.
"रेखायला काही नाही."

दीड वर्ष.
खाटेवरून पाय उतरवण्याआधी मोजा,
पावडर लावून जयू ओढायची, दोघांनाही धाप.
मे महिन्यात भाचीचं लग्न, नव्या चपला.
चार दिवसच नाही घातला.
(घालणाऱ्यांचंही फुटतं, क्लोतील्द म्हणते.
ती बरी बाई आहे.)

आधी खाज. मग तपकिरी कातडीवर चमक,
खाजणाच्या मातीवर सकाळी मीठ दिसतं तशी.
जयूला दोन दिवस बोललो नाही.

बांध घातला म्हणून खाडी कुठे जात नाही:
हे मी पोरांना शिकवायचो,
हातात चिखल घेऊन, ऐटीत.

आज क्लोतील्दने जुनं पाकीट काढलं.
सगळी बेटं त्यात, तारखांसकट.
कोरं प्लॅस्टिक पायावर धरलं.
"हलू नका."
बाहेर भोंगा झाला. ही फेरी गेली.