पोटॅशचा थेंब

फोंड्याला, बसस्टँडमागे, दुसऱ्या मजल्यावर
काचपट्टीवर मी पोटॅशचा थेंब सोडते.
पेशी विरघळतात, बुरशी उरते.
सतरा वर्षं हेच : उरलं कोण, ते बघायचं.

आज दुर्भाटची एक आली, तिसऱ्या काढणारी.
ओहोटीत कमरेएवढ्या पाण्यात,
मग ओल्या लुगड्यानिशीच बाजार.
नाव सांगितलं, रुक्मा. दुखणं सांगेना.
म्हणाली, "थंय."
फॉर्ममध्ये 'थंय'ला रकाना नाही.
मी लिहिलं : खाज, आग,
पांढरं जातं, फाटलेल्या दुधासारखं.

भिंगाखाली कळीला कळी फुटलेली
आणि लांब लांब धागे,
खाजनात चिखलावर पसरलेल्या मुळांसारखे.
ही जात निदान औषधाचं ऐकते.

दुसरी ऐकत नाही. बारीक, गोल, धागा न काढणारी,
भाडं थकवून बसलेल्या कुळासारखी.
ती मला परवा दिसली,
ज्या पट्टीवर मी 'कुमुदिनी, वय ४१' असं लिहिलं होतं
आणि जी माझी होती.

वर्षात ही चौथी वेळ.
पहिली दाढेच्या गोळ्यांनंतर :
सात दिवस सकाळ-संध्याकाळ,
दाढ बरी झाली,
पण वेशीवरचे राखणदारही गोळीने मारले.
मग मी सुगंधी साबणाने घासघासून धुतलं,
म्हणजे उरलेसुरलेही हाकलले.
नवऱ्याने विचारलं, "कुठून आणलंस?"
मी म्हटलं, घरचंच आहे.
तो त्या रात्री ओसरीवर झोपला.

परवाच बोट टोचून साखर पाहिली.
आकडा कुमुदिनीच्या नावावर टाकता येईना.
खोडलं. सुलक्षा लिहिलं.
खोडलेलं खाली अजून वाचता येतं.

घरी सासूबाई सान्नांच्या पिठात सूर ओततात,
टोप चुलीशेजारी सरकवतात, फडकं घालतात.
मी विचारलं, एवढ्यानं फुगतं?
"ऊब, ओल आणि इल्लीशी साखर.
आणखी किदें जाय बाये?"
मग माझ्याकडे न बघता :
"तुझ्या घोवाच्या वेळी म्हाका नऊ म्हयने आशिल्लें.
थंय."

सांगितलं कुणाला?

"कोणाक सांगतलें?"
फडक्याची कड त्यांनी नीट खोचली.
"मिठाच्या पाण्यात बसतालें."