टर्की

नाव टर्की, कारण ते सापडलं टर्किश टॉवेलांत,
नापास मालाच्या गठ्ठ्यात,
सुटलेल्या कडेला दात लावून.
कड खाल्ली. परकराची नाडी खाल्ली. माझ्या चपलेचा अंगठा खाल्ला.
ताटलीत वाढलं की मात्र तोंड फिरवणार,
मुलगी बघायला आलेल्या आत्यासारखं.

पहिलं पाकीट अंबादासनं आणलं, अशोक चौकातून.
वर सोनेरी कुत्रा, हिरवळीवर.
असली हिरवळ सोलापुरात मी कॅलेंडरावरच बघितलीय.
टर्कीनं एक गोळी उचलली, मोरीपर्यंत नेली,
तिथं नीट ठेवली
आणि परत येऊन माझ्या मशीनखाली बसलं.

दुसरं हत्तुऱ्यांच्या दुकानातलं, पोत्यातलं सुटं.
"न्या की अक्का, स्वस्तात बसतंय, सगळे नेतेत."
एप्रिलातलं पोतं. हात घातला तर
जुन्या शेंगतेलाचा वास.
तो मला झोपेतसुद्धा कळेल, जन्म शेंगा कुटण्यात गेलाय.
तरी आणलं. चूक माझी.
दोन दिवस पिल्लाचं पोट वाहिलं,
सहा डझन टॉवेल शिवायचे राहिले
आणि शिवलेल्यांतले चार पुसण्यात गेले.

मग कोंबडीचं. मग माशाचं.
मग एक असं, ज्याच्या किमतीत आमची आठवड्याची ज्वारी येते.
शेजारची नागमणी म्हणाली, तिनु म्हण, तिनु,
आपल्या गल्लीतली कुत्री तेलुगूच समजतात.
तिनु म्हटलं. खा रे राजा म्हटलं.
हत्तुऱ्यांना विचारून कानडीत म्हटलं,
तिन्नु. तिथं एक न जास्त लागतो.
पिल्लानं तिन्ही भाषांत नाही म्हटलं.

विजापूर रोडला डॉक्टर शिरीन नदाफ.
पिशवीतली पाकिटं त्यांनी एकेक करून पालथी घातली.
"चित्र बघू नका, मागचं बारीक बघा.
पहिलं नाव कशाचं? मका? राहू द्या.
हे कोंबडीचं, पिल्लांसाठी लिहिलंय, तारीख आहे. हे ठेवा.
उन्हाळ्यात लहान पाकीट, बंद. कोमट पाण्यात भिजवून.
वीस मिनिटांनी ताटली उचला.
आणि रोज नवीन आणू नका.
त्याला वाटतंय, थांबलो तर पुढचं याहून बरं येईल."
मी अंबादासकडं बघितलं. सहा स्थळं झालीत.
त्यानं पंख्याकडं बघितलं.

पाच दिवस तेच कोंबडीचं. पाच दिवस ताटली उचलली.
रात्री थोडं खायचं, दिवसा शिवायचं नाही.
गुरुवारी भर दुपारी लाइट गेली.
चारही माग थांबले.
गल्ली अशी गप्प, की नागमणीच्या घरातल्या
विडीच्या पानांवरची कात्री ऐकू येत होती.
आणि दुसरं काहीतरी. कुरुम. कुरुम.
पाठमोरं टर्की, शेपूट ताठ.

लाइट आली. माग सुरू झाले.
शहाबादीवरची स्टीलची ताटली
हळूहळू, स्वतःहून, भिंतीकडं चालू लागली,
आतल्या गोळ्या नाचत होत्या.
पिल्लू कान पाडून मशीनखाली.

यांना हाक मारली. "अहो, ताटली चालतेय!"
"चटणी?"
"ताटली!"
चाळीस वर्षं मागावर. आमचं अर्धं बोलणं हातांनीच होतं.
हातानं दाखवलं.
त्यांनी तीन नंबर बंद केला, उकिडवे बसले,
तळवा फरशीवर टेकला. बराच वेळ.
"हे असंच असतंय व्हय गं?"
मला काय माहीत. मीही इथंच राहते.

मग नापास गठ्ठ्यातला एक टॉवेल ओढला,
चौघडी घातली, वर ताटली ठेवली,
आणि चारही माग चालू असताना
पिल्लाकडं पाठ करून उभे राहिले,
कोणी बघतंय म्हणून त्याला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून.

सोनेरी कुत्र्याचं पाकीट मी कोपऱ्यावर ओतलं.
तिथल्या तिघांनी मागचं बारीक न वाचताच संपवलं.
टर्की आता दिवसातून तीनदा खातं,
कोंबडीचं, तेच.
टॉवेलाची मात्र एक कड गेलीय,
दुसरी अर्धी.