ओलं पोतं

जिन्याखाली माझी खोली.
पूर्वी इथे लेझमी आणि बँडचे फाटके ताशे ठेवायचे,
एक बिगुल अजून कोपऱ्यात आहे, न्यायला कुणी येत नाही.
दारावर पाटी : समुपदेशन कक्ष.
मुलं त्यातलं ‘उपदेश’ तेवढं वाचतात
आणि पुढे जातात.

मधल्या सुट्टीत डोक्यावरून पावलं धावतात,
पाचवीची दोन-दोन पायऱ्या गाळत,
बारावीची एकेक मोजत.
अकरा वर्षांत एवढं कळलंय
की ‘पोट दुखतंय’ असं जो तिसऱ्यांदा सांगतो
त्याचं पोट दुखत नसतं.

सर्वेश घाटगे. बारावी सायन्स, बी ग्रुप.
तीन सोमवार आला, तीन सोमवार
टेबलावरचा पेपरवेट फिरवून गेला.
झोप विचारली, जेवण विचारलं.
‘चालतंय ने, टीचर.’
फाइलीत त्याच्या अभिरुची चाचणीचा आलेख,
सगळे खांब सारख्याच उंचीचे :
एक तर या मुलाला सगळंच आवडतं,
नाही तर त्यानं न वाचता गोल काळे केलेत.

आईचा फोन आला, हळू आवाजात.
रात्री दोनला बाहेर जातो. हे शिफ्टला असतात.
कडीचा आवाज येतो, पण मी उठत नाही,
उठले तर विचारावं लागेल.
क्लासचे दोन हप्ते भरलेत, तिसरा बाकी आहे.

चौथ्या सोमवारी मनगटावर ओरखडा, लांब, ताजा.
माझा घसा कोरडा पडला.
अशा वेळी काय विचारायचं ते मला शिकवलंय,
दोन दिवसांचं शिबिर, जेवणासह.
विचारलं. सरळ, आवाज न बदलता :
स्वतःला इजा करावीशी वाटते का?
तो बघत राहिला. मग हसला,
या खोलीत पहिल्यांदा.
‘नाही हो टीचर. मगर होता.’

(इथल्या मराठीत मगर पुल्लिंगीच.)

‘म्हणजे, मगरच्या पिंजऱ्याची तार लागली.’

आणि मग थांबेना.
विश्वामित्री ओसरली की ते मागे राहतात,
समाच्या सोसायटीत, पार्किंगमध्ये, कुणाच्या स्कूटरमागे.
‘घाबरलेला असतो, टीचर, आपल्यापेक्षा जास्त.
लोक गॅलरीतून टॉर्च मारतात,
आधी त्यांना गप्प करायचं.
मग ओलं पोतं, डोळ्यांवर.
अंधार झाला की शांत होतो.
तेव्हा घाई नाही करायची.
मला धरू देत नाहीत, अठरा पूर्ण नाहीत ना,
मी पोतं भिजवतो.’

कॉलेजच्या फॉर्मवर ‘छंद व उपक्रम’ असा रकाना आहे.
त्यात त्यानं लिहिलं होतं : काही नाही.
मी खोडरबर पुढे सरकवलं.

प्रीलिमला बावन्न टक्के आले.
वडील रात्रपाळीहून थेट आले, कंपनीच्या निळ्या शर्टात,
बसले नाहीत.
बावन्न म्हणाले, तिसरा हप्ता म्हणाले,
भावाचा मुलगा, आणंद, ढोरांचा डॉक्टर,
हेच करायचं होतं तर, म्हणाले.
माझ्यापाशी उत्तरं होती, तक्ते होते, कटऑफ होते.
मी काहीच काढलं नाही.
उन्हाची तिरीप त्यांच्या डोळ्यांवर येत होती,
उठून पडदा तेवढा ओढला
आणि बसून राहिले.

बऱ्याच वेळानं खुर्ची कुरकुरली.
‘मला वाटायचं, दारू पितो,’ ते म्हणाले,
माझ्याकडे नाही, बिगुलाकडे बघत.

सर्वेश पेपरवेट फिरवत होता.
‘ते पोतं,’ वडिलांनी विचारलं,
‘कुठल्या पाण्यात भिजवतोस? नदीच्या?’
‘नळाच्या, पप्पा.
नदीचा वास आला की
सुटायला बघतो.’

‘हां,’ ते म्हणाले. ‘बघणारच.’

फॉर्मची शेवटची तारीख शनिवार होती.